खिडकीवर ठरणारं धोरण : मायकल लिप्स्की

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते कापलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका अमेरिकन राज्यशास्त्रज्ञावर आहे. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. निवडणुका, पक्ष, कोण कोणाला फोडतंय, यातलं आज काहीच नाहीये. या माणसाने ज्या गोष्टीचा अभ्यास केला ती तुम्ही-आम्ही सगळ्यांनी तासन्‌तास उभं राहून अनुभवलेली आहे. सरकारी ऑफिसची खिडकी. खिडकीच्या आत बसलेला माणूस नेमकं काय करतो, तसंच का करतो, आणि त्याच्या तसं करण्याने वर पास झालेल्या कायद्याचं खाली काय होतं?

नाव मायकल लिप्स्की. प्रिन्स्टनला पीएचडी, मग विस्कॉन्सिन, आणि नंतर बरीच वर्षं एमआयटीच्या राज्यशास्त्र विभागात प्राध्यापक. हो, एमआयटीत राज्यशास्त्रही शिकवतात. बी.टेक. करताना मला वाटायचं तिथे फक्त रोबोट बनवतात. १९८० साली त्यांचं 'स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी' हे पुस्तक आलं आणि आज जगात कुठेही कल्याणकारी योजनांवर संशोधन करणारा माणूस या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. मी सॉफ्टवेअरवाला हे पुस्तक का वाचत बसलो, ते जरा वेळाने सांगतो.

सुरुवात खिडकीपासून झाली नाही, भाड्यापासून झाली. १९६३-६४ चा हिवाळा, न्यूयॉर्कचं हार्लेम. जुन्या इमारती, हीटर बंद, नळाला गरम पाणी नाही, घरात उंदीर. जेसी ग्रे नावाच्या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने तिथल्या भाडेकरूंनी भाडं द्यायचंच थांबवलं. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा लोक पुरावा म्हणून उंदीर घेऊन गेले! लिप्स्कींनी या भाडेसंपाचा अभ्यास केला, त्यावर १९७० मध्ये पुस्तकही आलं. त्यांना प्रश्न असा पडला होता, की ज्यांच्याकडे पैसा नाही, मतांचा गठ्ठा नाही, ओळख नाही, ते आंदोलन करतात तेव्हा नेमकं काय घडतं? त्यांचं उत्तर काही फार आशादायक नाही. आंदोलनामुळे पेपरात बातमी येते, मग ज्यांचं मत सत्तेला महत्त्वाचं वाटतं असे तिसरेच लोक अस्वस्थ होतात, आणि त्या तिसऱ्या लोकांना शांत करायला सरकार हलतं. म्हणून मग समिती नेमली जाते, एक-दोन इमारतींची डागडुजी फोटोसकट होते, 'आमचे हात बांधलेले आहेत' हे ऐकवलं जातं. मूळ माणूस तिथेच. समिती नेमणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

आता त्या काळाचा संदर्भ बघा. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध जाहीर केलं. नवे कायदे आले, पैसा आला. आणि तरीही शहरांमधल्या गरीब वस्त्यांत संताप कशावर होता? पोलिसांवर, शाळांवर, वेल्फेअरच्या ऑफिसवर. म्हणजे जे लोक मदतीसाठी नेमले होते, त्यांच्यावरच. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांचं म्हणणं, कायदा चांगला आहे, खालची माणसं वाईट आहेत.

लिप्स्कींनी हे मान्य केलं नाही. १९६९ मध्ये त्यांनी एक निबंध वाचला, त्यात पहिल्यांदा ही कल्पना मांडली. शिक्षक, हवालदार, समाजसेवा खात्यातला कर्मचारी, सरकारी दवाखान्यातली नर्स. यांची कामं वेगवेगळी दिसतात, पण कामाची परिस्थिती एकच असते. आपल्याकडचे चेहरे डोळ्यासमोर आणा: तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, झेडपीच्या शाळेतले गुरुजी. समोर माणसं प्रचंड, हातात वेळ आणि साधनं तुटपुंजी. वरून येणाऱ्या अपेक्षा एकमेकींच्या विरोधात: प्रत्येकाशी आपुलकीने वागा, पण नियम सगळ्यांना सारखा लावा, आणि आजची फाईल आजच संपवा. शिवाय समोरचा माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. स्विगीवर बिर्याणी वाईट आली तर तुम्ही झोमॅटोवर जाल. सातबारा वाईट मिळाला तर कुठे जाल?

मग हा कर्मचारी काय करतो? तो जगायचा मार्ग काढतो. पुस्तकाचा मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. लिप्स्की म्हणतात की सेवा फुकट असली तरी तिची किंमत वसूल केली जातेच, फक्त पैशात नाही. वेळेत वसूल होते: रांग, 'उद्या या', जेवणाची सुट्टी. माहितीत वसूल होते: कुठला कागद लागतो ते एकदम सांगायचं नाही, दर खेपेला एक सांगायचा. आणि अपमानात वसूल होते: चार लोकांसमोर मोठ्याने विचारायचं, 'नवरा कुठंय तुमचा? सोडून गेला का?' ती बाई पुढच्या वेळी येत नाही. अर्जांची संख्या एकाने कमी झाली. कोणीही कायदा मोडला नाही.

आणि सुधारणा केली तर? इंजिनियर लोकांना हे लगेच कळेल. पुण्यात रस्ता रुंद केला की ट्रॅफिक कमी होतं का? चार महिन्यांत तेवढंच. दवाखाना चांगला चालायला लागला की आजूबाजूच्या गावांतून लोक येतात आणि रांग पुन्हा तेवढीच होते. त्यामुळे कर्मचाऱ्यावरचा ताण संपत नाही आणि त्याच्या युक्त्याही संपत नाहीत.

एक युक्ती म्हणजे मलई काढणं. इंग्रजीतही शब्द दुधावरच्या सायीचाच आहे. आपल्याकडे मलई म्हटलं की टेबलाखालचा पैसा आठवतो, तो अर्थ इथे नाही. नोकरी मिळवून देणाऱ्या योजनेत ज्यांना तशीही नोकरी मिळाली असती असे हुशार उमेदवार आधी घ्यायचे, म्हणजे रिपोर्टमध्ये यशाची टक्केवारी छान दिसते. ज्याला खरी गरज आहे तो तळाशी राहतो. पैसे न खाताही योजना खाता येते.

आता मॅसॅच्युसेट्सची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील. १९७२ मध्ये त्या राज्याने विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. 'चॅप्टर ७६६' म्हणून तो ओळखला जातो. कागदावर वाचला तर डोळ्यांत पाणी येईल इतका चांगला कायदा. मुलावर 'मंद', 'अपंग' असा शिक्का मारायचा नाही. प्रत्येक मुलाची स्वतंत्र तपासणी करायची, शिक्षक, मानसतज्ज्ञ, नर्स सगळ्यांनी एकत्र बसून, पालकांना सोबत घेऊन त्याच्यासाठी वेगळा आराखडा बनवायचा. १९७४ च्या सप्टेंबरपासून अंमल सुरू. लिप्स्की आणि रिचर्ड वेदरली यांनी राज्यातल्या शाळांमध्ये जाऊन बघितलं की प्रत्यक्षात काय झालं. १९७७ मध्ये त्यांचा लेख आला.

झालं असं, की काम एकदम काही पटींनी वाढलं आणि माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. मग शाळांनी कोणालाही न सांगता रेशनिंग सुरू केलं. शिक्षकांना सूचना, जरा कमी मुलं पाठवा. वर्गात दंगा करणारा मुलगा लवकर पुढे पाठवला जायचा, कारण तो शिक्षकाला त्रास देतो. शांत बसून मागे पडणारी मुलगी राहून जायची. पूर्ण टीमची बैठक म्हणजे भराभर सह्या. मुलाला काय हवंय याऐवजी शाळेत कोण उपलब्ध आहे ते बघून आराखडा. एकट्याला शिकवायचं तर गटात बसवायचं. आणि ज्या घरचे पालक शिकलेले, प्रश्न विचारणारे, त्यांच्या मुलाकडे जास्त लक्ष.

हे शिक्षक कामचुकार नव्हते. लिप्स्की आणि वेदरली हे आवर्जून सांगतात. कित्येक जण जास्तीचे तास काम करत होते, कायद्यावर त्यांचा विश्वास होता. आणि तरीही मुलांपर्यंत पोचला तो वेगळाच कायदा. यातूनच पुस्तकातला मुख्य दावा आला: धोरण विधानसभेत ठरत नाही, निदान तिथे पूर्ण ठरत नाही. खालचा कर्मचारी ताण हलका करायला ज्या सवयी, ज्या पळवाटा शोधतो, त्यांची बेरीज म्हणजे धोरण.

याची पुढची पायरी १९८४ च्या त्यांच्या लेखात आहे. रेगन यांचा काळ. कल्याणकारी खर्च कमी करायचाय, पण कायदा बदलायला गेलं तर आरडाओरडा होणार. मग काय करायचं? कायदा तसाच ठेवायचा आणि फॉर्म लांबवायचा. कागदपत्रं वाढवायची. कर्मचारी कमी करायचे. फेरतपासणी दर वर्षाऐवजी दर काही महिन्यांनी. हक्क शाबूत, पण तो मिळवणारे आपोआप गळतात. निर्णय कोणी घेतला विचाराल तर कोणीच नाही. गरिबाच्या तोंडचा घास काढायचा तर कपात जाहीर करायची गरज नाही, एक जास्तीचा रकाना पुरतो. मला स्वतःला १९८० च्या पुस्तकापेक्षा हा लेख जास्त धारदार वाटतो. पुस्तकात कर्मचारी परिस्थितीने अडकलेला आहे. इथे वर बसलेले लोक ती परिस्थिती मुद्दाम वापरतायत.

नंतरची वर्षं पटकन सांगतो. १९९३ मध्ये स्टीव्हन स्मिथ यांच्यासोबत एक पुस्तक, सरकार आपली कामं स्वयंसेवी संस्थांना कंत्राटाने देतं तेव्हा त्या संस्था हळूहळू सरकारसारख्याच कशा होतात यावर. एनजीओत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी ते नक्की बघावं. त्याच सुमाराला ते एमआयटी सोडून फोर्ड फाउंडेशनमध्ये गेले, मग जॉर्जटाउन विद्यापीठ आणि डेमॉस ही धोरण-अभ्यास संस्था. २०१० मध्ये मूळ पुस्तकाची तीस वर्षांनिमित्त वाढवलेली आवृत्ती आली.

आता, मी का वाचलं. मी काही काळ एका सरकारी पोर्टलच्या कामात होतो. कुठलं राज्य, कुठली कंपनी, राहू दे. नियमात लिहिलं होतं की पुरावा म्हणून अमुक, तमुक कागद, 'किंवा सक्षम अधिकाऱ्यास योग्य वाटेल असा अन्य पुरावा'. स्क्रीनवर आला ड्रॉपडाउन. सात पर्याय. 'अन्य' नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, 'अन्य' ठेवलं की लोक काहीही अपलोड करतात आणि डॅशबोर्ड खराब दिसतो. दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये विषय संपला. त्या मीटिंगमध्ये ना कोणी अधिकारी होता, ना कोणी अर्जदार. कायद्याने अधिकाऱ्याला दिलेला विवेकाधिकार, म्हणजे ज्याला लोक 'साहेबांच्या हातात आहे' म्हणतात ना, तो दहा मिनिटांत नाहीसा झाला आणि शासन निर्णयातला एक शब्दही बदलला नाही. एका मित्राने लिप्स्कींचं नाव सांगितलं ते यानंतर.

खरं तर 'नाहीसा झाला' हे बरोबर नाही. तो साहेबांकडून स्क्रीन बनवणाऱ्याकडे आला. मार्क बोव्हेन्स आणि स्टाव्ह्रोस झूरिडिस या दोन अभ्यासकांनी नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांच्या सरकारी अनुदानाचं उदाहरण घेऊन २००२ मध्येच हे मांडलं होतं. आधी कर्मचारी विद्यार्थ्याला भेटून ठरवायचा, मग स्क्रीनसमोर बसून ठरवायला लागला, मग सिस्टिमच ठरवायला लागली. तेव्हा खरा 'स्ट्रीट-लेव्हल' अधिकारी कोण? सिस्टिम डिझाइन करणारा आणि कोड लिहिणारा. म्हणजे आपण. फरक एवढाच, की आपल्याला अर्जदाराचं तोंड कधी दिसत नाही. खिडकीतला क्लार्क कितीही खडूस असला तरी समोरची म्हातारी रडायला लागली की कधीतरी तो म्हणतो, 'बरं आजी, द्या इकडे, बघतो.' व्हॅलिडेशन एररला असं काही वाटत नाही.

हे किती महागात पडू शकतं? ऑस्ट्रेलिया बघा. तिथला भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१६ पासून तिथल्या सरकारने एक पद्धत मोठ्या प्रमाणावर लावली, लोक तिला 'रोबोडेट' म्हणतात. इन्कम टॅक्सकडून वर्षाची कमाई घ्यायची, २६ पंधरवड्यांनी भागायचं, आणि माणसाने जाहीर केलेल्या आकड्याशी जुळवायचं. समजा तुम्ही १३ पंधरवडे प्रत्येकी २,००० डॉलर कमावले, मग नोकरी गेली आणि उरलेले १३ पंधरवडे भत्त्यावर काढले. सगळं खरं सांगितलं. सरासरी येते १,०००. सिस्टिम म्हणते, बेकार असताना तुम्ही दर पंधरवड्याला १,००० कमावत होतात, लपवलंत, परत करा. आधी असा फरक दिसला की कर्मचारी मालकाला विचारून खात्री करायचा. ती पायरीच काढली. खात्री करायची जबाबदारी अर्जदारावर, तीही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. शेवटी हे बेकायदेशीर ठरलं. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४,७०,००० वसुल्यांचे ७२ कोटी डॉलर परत करायचं जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. यात कोडमध्ये बग नव्हता, बरं का. भागाकार बरोबर होता.

आपल्याकडचं एक उदाहरण. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बायकांना टेक्नॉलॉजी नको. लिप्स्की वाचल्यावर वेगळं दिसतं. वजन करायचं, आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या घरी जायचं, मुलांना शिकवायचं आणि वर हे ॲप. त्यात ॲपमध्ये भरलेलं तेवढंच काम धरलं जाणार असेल तर माणूस आधी काय करेल? मूल नंतर, नोंद आधी. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या भराभर सह्या आणि ही नोंद, दोन्ही एकाच जातीच्या.

आता उलट बाजू, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. 'क्लार्कच्या हातात अधिकार होता तेव्हा काय रामराज्य होतं का?' नव्हतं. 'बघतो आजी' हे वाक्य कोणाच्या आजीसाठी निघतं हे आडनावावर ठरायचं, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे. चिरीमिरी याच मोकळ्या जागेत वाढली. सातबारा ऑनलाइन मिळायला लागला तेव्हा कित्येक शेतकऱ्यांची तलाठ्याची पायपीट वाचली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली. मशीन जात विचारत नाही म्हणून ज्यांना हायसं वाटलं, त्यांना मी वरची माणुसकीची गोष्ट कुठल्या तोंडाने ऐकवू? आणि या बाबतीत लिप्स्कींच्या पुस्तकाला मर्यादा आहे असं मला वाटतं. त्यात वंशभेद आहे, साचेबद्ध समज आहेत, पण मुख्य खलनायक कामाचा बोजा आहे. आपल्याकडे बोजा नसतानाही अडवणूक होते.

पण म्हणून 'माणूस काढा, सिस्टिम बसवा' हेही पटत नाही, कारण माणूस निघतच नाही, तो फक्त दिसेनासा होतो. क्लार्कविरुद्ध तक्रार करता येते, त्याचं नाव असतं, पाटी असते. त्या सात पर्यायांच्या ड्रॉपडाउनविरुद्ध कोणाकडे जायचं? माझं म्हणणं साधं आहे. 'अन्य' हा पर्याय ठेवा. तो निवडला की अर्ज माणसाकडे जाऊ द्या, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि त्याने दिलेलं कारण अर्जदाराला दिसू द्या. नाकारलं तर अपील कुठे करायचं ते त्याच स्क्रीनवर, मराठीत. तांत्रिकदृष्ट्या हे दोन दिवसांचंही काम नाही. अडतं ते डॅशबोर्डवर.

वाचायचं असेल तर थेट १९८० च्या पुस्तकाला हात घालू नका, सुरुवात थोडी कोरडी आहे. आधी तो मॅसॅच्युसेट्सचा लेख, मग पुस्तक. आणि पुढे जायचं असेल तर बर्नार्डो झाका यांचं २०१७ चं पुस्तक. हा माणूस स्वतः एका गरिबी-निवारण संस्थेत रिसेप्शनवर काम करत बसला होता, आणि खिडकीच्या आतून माणूस हळूहळू कसा बदलत जातो ते त्याने लिहिलंय.

एक काम देतो तुम्हाला. पुढच्या वेळी कुठलाही सरकारी अर्ज ऑनलाइन भराल, सेतूत किंवा स्वतःच्या फोनवर, तेव्हा कागदपत्रांच्या यादीत 'अन्य' आहे का ते बघा. स्क्रीनशॉट पाठवा. नाव, आधार नंबर झाकून पाठवा, प्लीज. पुरेसे जमले तर त्यावरच एक एपिसोड करू.